त्वचेचा कॅन्सर आणि नॅनो औषधे

(गणेशोत्सवात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. वक्ते सी-विंगमधील रहिवासी असून औषधनिर्मिती क्षेत्रात ३१ वर्षे काम करून निवृत्त झाले आहेत. – संपादक मंडळ)



या हॉलमध्ये मी आजवर बोललो तो फक्त वार्षिक सभेत, आणि तेही गच्चीच्या गळतीबद्दल. त्यामुळे मी उभा राहिलो की कमिटीच्या पोटात गोळा येतो, हे मला माहीत आहे. आज गळतीचा विषय नाही. म्हणजे थोडासा येईल, पण तो शरीरातल्या गळतीचा. सेक्रेटरी म्हणाले, "तुमचं ते नॅनो वगैरे सांगा, पण सोपं करून, आणि पाऊण तासात आटपा, नंतर आरती आहे." प्रयत्न करतो.

नॅनो म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना गाडी आठवते. आमच्या धंद्यात नॅनो म्हणजे नॅनोमीटर, एका मीटरचा अब्जावा भाग. असं सांगून कुणालाच काही कळत नाही. म्हणून आपापल्या बोटाच्या नखाकडे बघा. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. हिशेब केला तर एका सेकंदाला सुमारे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरचा केस, ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांचा, साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. मी ज्या कणांवर नोकरीची शेवटची १५ वर्षं काढली, ते शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे. केसाच्या जाडीत असे आठशे कण शेजारी शेजारी बसतील.

आता त्वचा. शास्त्रज्ञ तिच्या सगळ्यात वरच्या थराचं वर्णन विटा आणि सिमेंट असं करतात. मेलेल्या पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचं सिमेंट. आपल्या बिल्डरने केलं त्यापेक्षा कितीतरी चांगलं वॉटरप्रूफिंग. पाणी आत येत नाही, जंतू येत नाहीत, आणि आपण चोळलेली बहुतेक मलमंसुद्धा येत नाहीत. या भिंतीखालच्या जिवंत थरात कॅन्सर होतो. त्याचे मुख्य प्रकार तीन. दोन प्रकार त्वचेच्या साध्या पेशींचे, ते बहुधा सावकाश वाढतात. तिसरा मेलानोमा, म्हणजे आपल्याला सावळा रंग देणाऱ्या पेशींचा. तो कमी जणांना होतो, पण लवकर पसरतो.

"हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याला काय त्याचं?" असं मलाही वाटायचं. आपल्याकडे तो कमी आहे हे खरंच. त्वचेतला रंग उन्हापासून आपलं रक्षण करतो. पण आपली तऱ्हा वेगळी आहे. टाटा मेमोरियलमध्ये प्रयोगशाळांचे प्रमुख असलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात. त्यांनी १९४५ साली लिहिलेल्या एका निबंधात धोतराच्या कॅन्सरची नोंद आहे. धोतर कमरेला वर्षानुवर्षं घट्ट आवळलं की त्याच जागी कातडी घासते, काळवंडते, फुटते, आणि क्वचित त्या न भरणाऱ्या जखमेत कॅन्सर होतो. पुढे साडीच्या बाबतीतही तेच दिसलं. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्कर स्त्रियांची अशीच हकीगत प्रसिद्ध केली. पुढच्या रांगेतल्या काकूंनी लगेच कमरेला हात लावला! काकू, घाबरू नका, हे फार दुर्मीळ आहे. परकराची नाडी जरा सैल बांधा, रुंद पट्टी घ्या, आणि कमरेवरची जखम महिना-दीड महिना भरली नाही तर दाखवा. काश्मिरात थंडीत फिरनच्या आत कांगडी घेऊन बसतात, तिच्या धगीने पोटावर आणि मांड्यांवर होणारा कॅन्सरही असाच प्रसिद्ध आहे.

मेलानोमा सावळ्या लोकांत होतो तेव्हा बऱ्याचदा जिथे ऊन पोहोचतच नाही तिथे होतो. तळपाय, तळहात, नखाखाली. तरुण मंडळींना बॉब मार्ली माहीत असेल, जमैकाचा गायक. त्याच्या पायाच्या अंगठ्याला नखाखाली मेलानोमा असल्याचं १९७७ मध्ये कळलं आणि १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो गेला.

आता औषधाकडे. आज घरोघरी मोदक झालेत, तेव्हा मोदकाचंच उदाहरण घेतो. उकडीच्या मोदकात दोन गोष्टी, पारी आणि सारण. आमच्या कणाचंही तसंच. सारण म्हणजे औषध. पारी म्हणजे पेशीच्या आवरणासारखा स्निग्ध पदार्थाचा पडदा. तो पदार्थ सोयाबीनमधून काढतात. पारी तडकू नये म्हणून त्यात कोलेस्टेरॉल घालतात. हो, तेच कोलेस्टेरॉल, जे रिपोर्टमध्ये आलं की आपलं तूप बंद होतं. या कणाला लिपोसोम म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक बँगहॅम यांनी तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखला.

सारण कशासाठी झाकायचं? डॉक्सोरुबिसिन नावाचं कॅन्सरचं औषध आहे, इटलीतल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळालेलं, लालभडक. ज्यांनी घरात केमोथेरपी पाहिली आहे त्यांना ती लाल बाटली आठवेल. औषध जबरदस्त, पण ते हृदयालाही इजा करतं, म्हणून एका मर्यादेपुढे देता येत नाही. जेरुसलेममधल्या शास्त्रज्ञांनी ते लिपोसोमच्या पारीत भरलं. एकेका कणात दहा हजारांहून जास्त रेणू बसतात आणि आत त्यांचा चक्क खडा होतो. उघडं औषध रक्तातून काही मिनिटांत पांगतं, तर हे झाकलेलं दोन-तीन दिवस फिरत राहतं. हृदयाला होणारा त्रास पुष्कळ कमी झाला. त्याऐवजी तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास आला, म्हणजे फुकट काहीच मिळालं नाही. १९९५ साली अमेरिकेने या औषधाला, डॉक्सिलला, परवानगी दिली. जगातलं पहिलं मान्यताप्राप्त नॅनो औषध म्हणून त्याचं नाव घेतात. आणि ती परवानगी होती कापोसी सार्कोमासाठी. एड्सच्या रुग्णांच्या अंगावर जांभळे डाग उठायचे, तो हा कॅन्सर. त्वचेवर दिसणाऱ्या कॅन्सरपासूनच या गोष्टीची सुरुवात झाली.

हे कण आम्ही कसे करायचो ते सांगतो, कारण नोकरीतला हाच भाग मला सगळ्यात आवडायचा. सोऱ्यातून शेव पाडतात ना, तसं. सोऱ्याच्या चकतीला भोकं असतात, इथे प्लास्टिकच्या पातळ पडद्याला शंभर नॅनोमीटरची भोकं असतात. मोठे ओबडधोबड कण दाबाने त्यातून पुन्हा पुन्हा ढकलायचे, की सगळे एका मापाचे होतात. मग तपासणी. माप वाढलं, बॅच गेली. पारीतून सारण गळलं, बॅच गेली. रात्री फ्रीजचा अलार्म वाजला की मी इथून स्कूटर काढायचो, हे आपल्या जुन्या वॉचमनलाही पाठ झालं होतं.

२०१२ च्या फेब्रुवारीत एक मजा झाली. अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला आणि तिथल्या औषध प्रशासनाने मुंबईच्या सन फार्मा कंपनीचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करायला मुभा दिली. पुढच्या वर्षी त्यांच्या औषधाला रीतसर मान्यताही मिळाली. माझी कंपनी ती नव्हे. पण आमच्या लॅबमध्येसुद्धा पेढे आले. आपल्या देशातली पारी अमेरिकेत चालली, याचा आनंद होता.

त्या पेढ्यांच्या वेळी माझ्या ताईच्या टाचेवर डाग होता.

हे इथे सांगावं की नाही, याचा मी विचार केला. बायको म्हणाली, सांगायचंच नसेल तर भाषण कशाला करताय. ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, वाईजवळच्या गावात दिलेली. २०११ च्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी तिच्या पाया पडलो, तेव्हा तिची टाच माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होती. काळा डाग, नखाएवढा, एका बाजूला पसरलेला. मी विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, "कुरूप आहे रे, काटा मोडला होता." मी बरं म्हटलं आणि करंजी खाल्ली. वर्षभर तिने बिब्ब्याचा चटका दिला, मेडिकलमधून पट्ट्या आणून लावल्या, एका ठिकाणी तर कुणी ब्लेडने खरवडूनही दिलं. पुढच्या भाऊबीजेला पायाला फडकं होतं आणि जांघेत गाठ होती. घरचे म्हणाले, पायाची जखम आहे, अवधाण आलंय. खेड्यात असं नेहमीच होतं, त्यामुळे तेही कुणाला खटकलं नाही.

जानेवारी २०१३ मध्ये बायॉप्सी झाली. मेलानोमा, जाडी ५.२ मिलिमीटर.

ही जाडी म्हणजे काय ते समजून घ्या. अलेक्झांडर ब्रेस्लो नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९७० साली दाखवलं की मेलानोमा त्वचेत किती खोल गेलाय, ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं की रुग्णाचं पुढे काय होणार याचा चांगला अंदाज येतो. एक मिलिमीटरच्या आत असेल तर काढून टाकला की बहुतेक जण बरे होतात. चारच्या पुढे गेला की गोष्टच बदलते. मी रोज नॅनोमीटर मोजत होतो, आणि ताईचं सगळं या चार-पाच मिलिमीटरवर ठरलं.

तिला माझं काम ढोबळ माहीत होतं. हॉस्पिटलच्या खाटेवरून तिने विचारलं, "तुझं ते बारीक औषध यावर नाही का चालत?" नाही चालत. डॉक्सोरुबिसिनला मेलानोमा दाद देत नाही, मग ते पारीत भरा नाहीतर उघडं द्या. पारी कितीही चांगली असली तरी आतलं सारण त्या आजाराचं असावं लागतं. २०१४ च्या वैशाखात ती गेली.

त्यानंतर मी हा विषय नोकरीपुरता न ठेवता वाचायला लागलो, आणि एक गोष्ट लक्षात आली जी आम्ही कंपनीत फारशी बोलत नव्हतो. नॅनो औषधांबद्दल नेहमी सांगतात की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईत वाढलेल्या, फटी असलेल्या असतात, त्यामुळे हे कण तिथे गळून गाठीत साठतात. ही ती मघाशी म्हटलेली गळती. १९८६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ती दाखवली आणि ती खरी आहे. पण शरीराचे वॉचमनही कडक आहेत. यकृत आणि प्लीहा हे परके कण उचलून बाजूला काढतात. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी दहा वर्षांतले प्रयोग, बहुतेक उंदरांवरचे, एकत्र करून २०१६ मध्ये हिशेब मांडला: टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचले ते साधारण ०.७ टक्के. हजारातले सात. "कॅन्सरला नेमकं टिपणारं नॅनो क्षेपणास्त्र" अशी बातमी वाचलीत की हा आकडा आठवा.

मग निराश व्हायचं का? मला तसं वाटत नाही. त्वचेच्या बाबतीत तीन गोष्टी आज प्रत्यक्ष चालू आहेत.

पहिली अगदी साधी. मेलानोमा जवळच्या लसिका ग्रंथीत पोहोचलाय का, ते गाठ हाताला लागायच्या आधी कळावं म्हणून डागाजवळ किरणोत्सारी नॅनोकण टोचतात. ते ज्या ग्रंथीत आधी जातात तीच काढून तपासायची. उगाच सगळ्या काढाव्या लागत नाहीत.

दुसरी गोष्ट जेलची. उन्हाने होणारे कॅन्सरपूर्व खडबडीत चट्टे आणि सावकाश वाढणारे काही वरवरचे कॅन्सर यांच्यासाठी युरोपात २०११ पासून अमेलुझ नावाचं जेल आहे. त्यातलं औषध विटा-सिमेंटच्या भिंतीतून आत शिरावं म्हणून ते नॅनो आकाराच्या थेंबांत बांधलेलं असतं. आजारी पेशी त्या औषधापासून प्रकाशाला संवेदनशील रंगद्रव्य बनवतात. मग लाल दिवा लावला की त्या पेशी आतल्या आत जळतात. कापाकापी नाही. दिव्याखाली जळजळ मात्र चांगलीच होते, असं रुग्ण सांगतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. कोविडच्या काळात एमआरएनए हा शब्द आपण ऐकला. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची जेमकोव्हॅक ही आपल्याकडची अशी लस, २०२२ मध्ये मंजूर झाली. एमआरएनए म्हणजे पेशीला दिलेली लेखी सूचना. उघडी टोचली तर शरीर काही मिनिटांत तिचे तुकडे करतं, म्हणून तिला पारी लागतेच. मॉडर्ना आणि मर्क या कंपन्यांनी मेलानोमासाठी काय केलं, तर प्रत्येक रुग्णाची काढलेली गाठ तपासली, तिच्यातले फक्त त्याच गाठीत असलेले बदल शोधले, आणि त्यांतले जास्तीत जास्त ३४ एका सूचनेत लिहून ती स्निग्ध नॅनोकणात भरली. म्हणजे ज्याची त्याची लस वेगळी. टेलरकडे माप देऊन शिवून घेतल्यासारखी. तिचं काम गाठीवर जाऊन आदळणं नाही. आपल्या रोगप्रतिकार पेशींना ती चोराचा फोटो दाखवते, पकडायचं काम त्या करतात. त्यामुळे तो हजारात सातचा प्रश्न इथे आडवा येत नाही.

ऑपरेशन झालेल्या पण रोग उलटण्याचा मोठा धोका असलेल्या १५७ रुग्णांवर चाचणी झाली, तिचा अहवाल २०२४ च्या सुरुवातीला लॅन्सेटमध्ये आला. सगळ्यांना इम्युनोथेरपीचं औषध होतं, काहींना जोडीला ही लस. अठरा महिन्यांनी रोग न उलटलेले, लसवाल्यांत ७९ टक्के, नुसत्या औषधावर ६२ टक्के. आकडा लहान चाचणीचा आहे, म्हणून २०२३ मध्ये मोठी चाचणी सुरू केली. इतकंच मी छातीठोकपणे सांगू शकतो.

माझं संपलं. प्रश्न विचारा.

(यानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांपैकी काही.)

प्रश्न : सनस्क्रीनमध्ये नॅनोकण असतात म्हणतात. ते अंगात जातात का?

झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे असतात. क्रिकेटपटूंच्या नाका-ओठांवर पांढरा लेप दिसतो ना, त्यात झिंकच असतं. कण बारीक केले की तो लेप पांढरा दिसत नाही, इतकंच. धडधाकट त्वचेत ते वरच्या मेलेल्या थरातच अडकतात. फवारा असेल तर श्वासात ओढू नका.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर नॅनो हळदीच्या कॅप्सूलची जाहिरात आली आहे. कॅन्सर बरा होतो असं लिहिलंय.

हळदीतल्या घटकावर प्रयोगशाळांत काम खूप झालंय. पण ती कॅप्सूल खाऊन त्वचेचा कॅन्सर बरा होत नाही. त्या भरवशावर तीन महिने गेले, की मी सांगितलेले मिलिमीटर वाढतात. तो मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर मीही पाहिला. कुणी टाकला ते सांगत नाही.

प्रश्न : आमच्याकडे म्हणतात, सुई लावली, तुकडा काढला, की कॅन्सर पसरतो.

ताईच्या घरीही हेच म्हणत होते, आणि त्यात दोन महिने गेले. बायॉप्सीने मेलानोमा पसरत नाही. शक्य असेल तर डॉक्टर तो डाग सगळाच्या सगळा काढून तपासायला पाठवतात. धोका आहे तो घरी ब्लेडने खरवडण्यात आणि चटके देण्यात. डाग वेडावाकडा असेल, कडा फाटल्यासारख्या असतील, एकात दोन-तीन रंग असतील, वाढत असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. त्यांच्याकडे डाग मोठा करून बघायचं भिंग असतं. नखावर काळी रेघ आपल्या लोकांत पुष्कळदा निरुपद्रवी असते. पण ती नवी असेल, रुंद होत असेल किंवा नखाबाहेरच्या कातडीवर उतरली असेल, तर दाखवायलाच हवी.

प्रश्न : आजोबा, तुम्ही बोलत होतात तेवढ्या वेळात माझं नख किती वाढलं?

छान. किती वेळ बोललो मी? चाळीस मिनिटं. म्हणजे २,४०० सेकंद, साधारण २,४०० नॅनोमीटर. केसाच्या जाडीचा तिसावा-पस्तिसावा भाग.

प्रश्न : तुमच्या ताईंच्या वेळी ही नवी लस असती तर?

हा प्रश्न मी स्वतःला खूपदा विचारलाय. सांगता येत नाही. चाचणीत घेतलेल्या रुग्णांचा रोग ऑपरेशनने पूर्ण काढलेला होता. ताईचा तोवर फुप्फुसात गेला होता. शिवाय उन्हाने होणाऱ्या मेलानोमात जनुकीय बदल भरपूर असतात, टाचेवरच्या प्रकारात ते कमी सापडतात. मग फोटोत दाखवायला खुणाच थोड्या. त्यामुळे इम्युनोथेरपीही त्या प्रकारात तुलनेने कमी चालते. आणि आपल्याकडे मेलानोमा होतो तो बऱ्याचदा नेमका टाचेवरचाच. त्यावरचं काम अजून बरंच बाकी आहे.

सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत. चला, आरतीची वेळ झाली.